दोन घोड्या आणि गाढीचा काठ

लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. रद्दीत जायच्या आत मी ती काढून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. बोलणं मात्र मला जमत नाही. चार अनोळखी माणसं समोर आली की मी मान हलवते आणि सुटका करून घेते. त्या मान हलवण्यानं मागच्या दसऱ्याला काय करून ठेवलं, ते लिहायचं आहे.

आमच्याकडे लग्नाच्या दोन घोड्या आहेत. तळोज्यात कारखान्यांच्या मागच्या बाजूला आमची पत्र्याची शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये आम्ही राहतो, अर्ध्यात त्या. थोरली पांढरीशुभ्र आणि वयानं पिकलेली. वाशीपासून पनवेलपर्यंत किती नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवापाशी उतरले असतील, त्याची गणती नाही. बँड लागला की ती आपोआप चालते, पुढचे लोक नाचायला लागले की आपोआप थांबते. तिला धरणारा झोपेत चालला तरी वरात वेळेवर पोचेल.

धाकटी त्या वर्षीच्या चैत्रात आली. तीही पांढरी, पण नाकावर गुलाबी ठिपका, कुणी गुलाल लावून पुसल्यासारखा. शेडमध्ये ती फार शहाणी. माझ्या पदराचं टोक ओठांत धरून मागे मागे फिरायची. पण ताशा वाजला की ती वेडी व्हायची. पहिल्याच वरातीला, खारघरच्या एका सोसायटीबाहेर, नवरदेव रिकिबीत पाय ठेवणार तोच ताशा कडाडला. ही हिसका देऊन सुटली, ती थेट गेटातून आत, आणि पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. अगदी सरळ, रेघेत. वॉचमननं रजिस्टरमध्ये तिची नोंद केली, 'व्हिजिटर, घोडी'. नवरदेव मित्राच्या स्कूटरवरून मांडवात गेला.

ही गोष्ट आता आम्ही हसून सांगतो. तेव्हा आमचे हे दोन दिवस नीट जेवले नव्हते. घोड्यांच्या व्यापाऱ्याशी बोली झाली होती, दसऱ्यापर्यंत ही वाजंत्रीला सरावली तर आमची, नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार आणि तिला परत नेणार. पुढे तिला कुठे नेणार, कुणाला देणार, ते तो सांगत नव्हता.

यांनी खूप खटपट केली. दाणा देताना डबे बडवले. मोबाइलवर बँड लावून ठेवला. लगाम तोंडाजवळ आखडून धरून तिला शेडभोवती फिरवलं. डबा वाजला की ती दाणा सोडून भिंतीला चिकटायची. शेजारचे म्हणाले, "भाऊ, घोडीचं माहीत नाही, पण आमच्या म्हातारीला सगळी गाणी पाठ झाली."

रोज सकाळी खरारा करताना तिच्या अंगावरून हात फिरवायचा आणि दसऱ्याला किती दिवस राहिले ते मोजायचं, एवढंच मी करत होते.

आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमचं काम बंद असतं. पावसाळाभर घोड्या शेडमध्ये उभ्या राहतात, त्यांचे पाय जड होतात, खूर मऊ पडतात. म्हणून नवरात्रात पाऊस ओसरला की चार दिवस त्यांना नदीवर न्यायचं, ही आमच्या सासऱ्यांपासूनची रीत. ओला चारा खायचा, वाहत्या पाण्यात पाय बुडवून उभं राहायचं, वाळूत लोळायचं. त्या वर्षी हे म्हणाले, "चार दिवस शांततेत ठेवू. धाकटीचं डोकं थंड झालं तर झालं."

लेकीला शेजारच्या म्हातारीपाशी ठेवून आम्ही तिघं निघालो. हे, मी आणि माझी थोरली नणंद. वन्सं आमच्याकडेच असतात. साताऱ्याकडून येऊन त्यांना पंधरा वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच. धाकटीच्या पाठीवर ताडपत्री, पीठ, टोप, तवा असं सगळं बांधलं. वन्सं म्हणाल्या, "तवा हालला तर ही परत पार्किंगात जाईल, बघ." मग तवा थोरलीच्या पाठीवर गेला.

उजाडायच्या आत निघालो म्हणजे कळंबोलीचा रस्ता मोकळा मिळतो. पनवेल ओलांडेपर्यंत सगळं नीट झालं. पुढे एका मंगल कार्यालयापाशी थोरली थांबली. कार्यालय बंद, गेटला कुलूप, आत एक कुत्रं झोपलेलं. पण तिच्या हिशेबानं आम्ही पोचलो होतो. यांनी ओढलं, वन्संनी मागून ढकललं, ती जागची हलेना. नवरदेव उतरल्याशिवाय ती कशी हलणार?

"अरे, उतर की खाली," वन्सं यांना म्हणाल्या.

"मी बसलोय कुठं आक्का?"

"मग बस आन् उतर!"

भर रस्त्यात, दूधवाले बघत असताना, हे थोरलीवर चढले आणि उतरले. तिनं कान हलवले आणि चालायला लागली. मी इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. धाकटी माझ्याकडे बघत होती.

नेऱ्याच्या पुढे गेलं की गाढी नदी रस्त्याच्या जवळ येते. समोर माथेरानचे डोंगर, अंगावर ढगांचे तुकडे घेतलेले. पाणी गुडघ्याच्या वर आणि इतकं स्वच्छ की खालचे गोटे मोजता यावेत. काठाला सगळीकडे कमरेएवढं गवत होतं. फक्त एका ठिकाणी ते कापलेलं, जमीन सपाट केलेली, पाण्यात उतरायला दगड लावलेले आणि कडेनं चुन्याची रेघसुद्धा ओढलेली.

हे खूश झाले. "बघितलंत? देवानंच जागा करून ठेवलीय."

कुणाच्या देवानं, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. चुन्याच्या रेघेवर यांनी दोन मेखा ठोकल्या आणि घोड्या बांधल्या. करंजाच्या दोन झाडांना ताडपत्री लावली. वन्संनी तीन दगड मांडून चूल केली. लाकडं ओलसर होती, त्यामुळे पहिल्या भाकरीपेक्षा धूरच जास्त झाला. पण ती भाकरी, वर ठेचा आणि नदीचं पाणी, इतकं गोड जेवण मला शेडमध्ये कधी लागलं नाही.

ते दिवस मजेत गेले. सकाळी घोड्यांना पाण्यात उभं करायचं. थोरली पाण्यात शिरली की डोळे मिटून घ्यायची आणि बाहेर यायचं नावच नाही. धाकटीला मासे दिसायचे. ती नाक पाण्याला लावून फुर्रकन फुंकायची, मासे पळाले की मान वर करून आमच्याकडे बघायची. दुपारी त्या चरायच्या आणि आम्ही झुली अंथरून पडायचो. घाम, गवत आणि घोड्याचा वास असलेली ती जाड झूल, तिच्यावर झोप फार छान लागते. संध्याकाळी डास यायचे. वन्सं शेणी पेटवून धूर करायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझा नवरा लग्नात म्हणाला होता, फिरायला नेईन. हे बघ, नेलं."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच भांडी घासत होते. हे आणि वन्सं लाकडं आणायला गेले होते. पलीकडच्या वाडीतून एक बाई नदी ओलांडून आली. डोक्यावर काकड्यांची टोपली, गुडघ्याच्या वर लुगडं खोचलेलं, आवाज डोंगराला जाऊन आपटेल असा.

"कोन गं तुमी? कुठशी आयलाव?"

मी तळोज्याच्या दिशेनं हात केला.

"लग्नाची घोरी हाय ना ही? बरा झाला! दसऱ्यापर्यंत हाव ना?"

मी मान हलवली.

"आमची देवी हितंच बुरवाला येते. त्यासाठीच जागा साफ केली पोरांनी. तुमी राहा, काय नाय. पन मिरवनुकीला दोन्ही घोऱ्या पाहिजेत हां. देवीच्या पुरं. आनाल ना?"

दोन्ही. विसर्जनाची मिरवणूक म्हणजे ताशा, बँजो, फटाके. मला सगळं स्पष्ट ऐकू आलं, सगळं कळलं. 'धाकटी घाबरते, मावशी, ते जमणार नाही,' एवढंच म्हणायचं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

तिनं माझ्या हातात चार काकड्या कोंबल्या आणि गेली.

हे परत आले तेव्हा मी काकड्या चिरत होते. "कुणी दिल्या?" म्हणाले. मी म्हटलं, वाडीतल्या बाईनं. पुढचं बोलणारच होते, पण त्याच वेळी धाकटी वाळूत चारी पाय वर करून लोळत होती आणि हे तिच्याकडे बघून कितीतरी दिवसांनी हसत होते. मग मला बोलवेना. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग सकाळी सांगू म्हटलं. असं करता करता दसरा उजाडला.

दसऱ्याला आमच्यात घोड्यांची पूजा असते. वन्संनी दोघींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, आणि मी नैवेद्याचा गूळ पुढे करताना एका दमात सगळं सांगून टाकलं. घोड्यांकडे बघूनच सांगितलं, यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"आगं बया!" वन्सं मटकन खाली बसल्या. "ताशाला भिऊन आपण इथं आलो आन् ताशाच्याच दारात मेखा मारल्या?"

हे ताडपत्रीकडे वळले. म्हणाले, "उद्या व्यापारी येणार. आज ती बिथरली तर संपलंच. उचला बिऱ्हाड."

"आन् त्या बाईला काय सांगायचं?" वन्संनी विचारलं.

"जिनं हो म्हटलंय ती सांगेल."

मी ताडपत्रीची दोरी सोडायला लागले. गाठ सुटेना. तेवढ्यात नदीतून हसण्याचा आवाज आला. वाडीतल्या सहा-सात बायका पाण्यातून येत होत्या, प्रत्येकीच्या हातात झेंडूची माळ. पुढे तीच काकडीवाली. घोड्यांसाठी माळा त्यांनी सकाळपासून बसून ओवल्या होत्या. आम्ही आवरायला घेतलेलं बघून ती म्हणाली, "अगं, आतापासून कशाला आवरतंस? जेवन वाडीतून येनार हाय तुमचा."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी ताडपत्री खाली ठेवली.

उन्हं उतरायला लागली तशी लांबून वाजंत्री ऐकू आली. यांनी ठरवलं होतं, थोरलीला आपण स्वतः न्यायचं, धाकटीला मी लांब करंजाखाली धरून उभं राहायचं. कुणी विचारलं तर पाय दुखतोय म्हणायचं. म्हणजे हे म्हणणार, मी नाही.

पण थोरलीनं कुणाची वाट बघितली नाही. ताशा जवळ आल्याबरोबर तिनं मान ताठ केली, एका झटक्यात ओल्या मातीतली मेख उपटली आणि मेख घेऊनच चालायला लागली. झूल नाही, नवरदेव नाही, गळ्यात फक्त झेंडूची माळ. सरळ मिरवणुकीत शिरली आणि बँजोवाल्यांच्या मागे, देवीच्या बरोबर पुढे, आपल्या ठरलेल्या जागी जाऊन चालू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मागून धावत होते, एका पायात चप्पल.

इकडे धाकटी थरथर कापत होती. थोरली दिसेनाशी झाली तशी ती जोरानं खिंकाळली आणि मागच्या पायांवर उठली. माझ्या हातातली दोरी तळव्याला कापत गेली. हे नेहमी ओरडून सांगायचे, 'आखडून धर, तोंडाजवळ धर!' पण तेवढी ताकद माझ्यात नव्हती. आणि त्यात सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "आन गं! आन तिला पुरं!"

मला त्या नजरा सहन होईनात. मी त्यांच्याकडे पाठ केली, डोक्यावरून पदर ओढला, मान खाली घातली आणि दोरी सैल सोडून चालायला लागले. तिला ओढायचं, मिरवणुकीत न्यायचं असं काही डोक्यात नव्हतं. कुणाचं तोंड दिसू नये, एवढंच वाटत होतं. चार पावलं गेले. दोरीला ताण लागला नाही. मग माझ्या पाठीला काहीतरी ओलं, ऊन लागलं. तिचं नाक होतं.

ती माझ्या मागे येत होती.

मी वळून बघितलं नाही. बघितलं तर ती थांबेल अशी भीती वाटली. मी माझ्या पायांकडे बघत चालले आणि तीही मान खाली घालून माझ्या पाठीला नाक लावून चालली. ताशा आमच्या उजव्या हाताला आला, मग डाव्या, मग चहूबाजूंनी. एक फटाका फुटला. तिचं नाक पाठीवरून सुटलं, मी चालत राहिले, आणि परत ते पाठीला टेकलं. तिनं पदराचं टोकही धरलं. समोर थोरलीची शेपटी दिसायला लागली तेव्हा मला कळलं की मी शंभर माणसांच्या मधोमध चालते आहे.

आम्ही त्या घाटावर दोन फेऱ्या घातल्या. दुसऱ्या फेरीला थोरलीनं कुणाच्या तरी ताटातल्या पेढ्यांकडे मोर्चा वळवला, हे तिच्या मागे गेले, आणि पुढे फक्त आम्ही दोघी राहिलो. तरीही ती आली. काकडीवाली माझ्या शेजारून नाचत चालली होती. "तू पन नाच ना!" म्हणाली. ह्यावेळी मी मान आडवी हलवली.

देवी पाण्यात गेली. सगळे शांत झाले. वाडीतून वडे आणि मटणाचा टोप आला. वन्सं तीन वडे खाऊन मग बोलल्या, "बघितलंस का रे? पाच महिनं तू तिचं तोंड आवळून धरलंस. तू घाबरलेला, म्हणून ती घाबरलेली. हिनं मान खाली घातली, तिनंबी घातली."

"एकदा झालं म्हणून काय," हे म्हणाले. पण सकाळी उठल्यावर यांनी मोबाइलवर ताशा लावला, पूर्ण आवाजात, आणि मला म्हणाले, "चल, चालून दाखव." मी चालले. धाकटी मागे आली. यांनी लगाम हातात घेतला. ती थबकली. परत माझ्याकडे दिला. चालायला लागली. असं चार-पाच वेळा केलं. शेवटी हे दगडावर बसले.

"ती राहू शकते," म्हणाले. "पण मग वरातीला तिला तूच न्यायची. सगळ्यांच्या पुढं. मी नाही, दुसरा कुणी नाही. जमणार असेल तर आत्ता सांग, म्हणजे त्याला फोन करतो. नुसती मान हलवायची नाही."

लग्नाला सतरा वर्षं झाली, मी कधी वरातीला गेले नव्हते. आमच्यात बायका जातच नाहीत. झुली शिवायच्या, आयाळ विंचरायची, गोंडे बांधायचे, आणि घोडी शेडमधून निघाली की दारात उभं राहायचं. रस्त्यावर बँडच्या मागे, लायटीच्या उजेडात, लोक मोबाइल धरून असताना मी चालणार, ही कल्पनाच मला करवेना. धाकटी नदीत उभी राहून पाण्यावर फुंकर घालत होती.

"नेईन," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"नेईन म्हटलं ना!"

वन्सं हसता हसता चुलीवर पाणी ओतायच्या ऐवजी चहाचं आधण ओतून बसल्या. यांनी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. रेंज येईना, म्हणून रस्त्यापर्यंत चढून गेले. वरून यांचा आवाज खाली नदीपर्यंत येत होता. "नको, नको, टेम्पो आणू नका. सरावली म्हणतो ना! कुणी म्हणजे? आमच्या घरातल्यांनी सरावून घेतली!"

तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्याच दिवशी वाशीची वरात आली. यांनी मला नवीन चप्पल आणली, चालताना सुटणार नाही अशी. वन्संनी निळी साडी काढून दिली. रस्त्यावर उभी राहिल्यावर मी धाकटीचे गोंडे परत एकदा बांधले. नवरदेव महाप्याला कंप्युटरच्या ऑफिसात कामाला होता, चष्मा, मुंडावळ्या आणि डोक्याला सैल झालेला फेटा. त्याला तिघांनी धरून धाकटीवर चढवलं. त्यानं दोन्ही हातांनी आयाळ घट्ट धरली आणि वाकून माझ्या कानाशी विचारलं, "काकी, खरं सांगा. पळणार नाही ना ही?"

एरवी मी मान हलवली असती. पण तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"तिची पहिलीच वेळ आहे," मी म्हटलं. "माझीसुद्धा."

त्यानं एका हातानं फेटा सावरला. मग म्हणाला, "माझीपण."

मागे कुणीतरी ओरडलं, "चला, चला, उशीर होतोय!" ताशावर काठी पडली. मी पदर नीट केला, दोरी सैल सोडली आणि निघाले.